विश्लेषण : झेंड्यात नारिंगी रंगच नाही, तरी नेदरलँड्सचा संघ 'ओरान्ये' का? टोपणनावामागचा राजपुत्र कोण?

नेदरलँड्सचा सामना सुरू होण्याआधी दोन्ही देशांचे झेंडे मैदानात आणले जातात. डच झेंड्यात लाल, पांढरा आणि निळा असे तीन पट्टे असतात. त्याच झेंड्यामागे उभे असलेले खेळाडू मात्र डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी, आणि प्रेक्षागृहातही नारिंगी समुद्र. फुटबॉल असो, हॉकी असो की क्रिकेट, या देशाच्या संघाला जगभर एकाच नावाने ओळखले जाते, ते म्हणजे 'ओरान्ये'. डच भाषेत याचा अर्थ नारिंगी. जो रंग राष्ट्रध्वजातच नाही, तो राष्ट्रीय संघाची ओळख कसा झाला? त्याचे उत्तर १५८४ मध्ये मारल्या गेलेल्या एका माणसाच्या आयुष्यात आहे. जाणून घेऊ या.

राष्ट्रीय संघांना टोपणनावे कशी मिळतात?

ढोबळमानाने तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग जर्सीच्या रंगाचा. भारतीय क्रिकेट संघ 'मेन इन ब्लू' झाला तो असाच. न्यूझीलंडच्या रग्बी संघाचे 'ऑल ब्लॅक्स' हे नाव १९०५ च्या ब्रिटन दौऱ्यात तिथल्या वृत्तपत्रांमुळे रूढ झाले. दुसरा मार्ग देशातल्या प्राण्याचा किंवा फुलाचा. दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ 'स्प्रिंगबॉक्स' म्हणजे तिथल्या हरणाच्या नावाचा, तर क्रिकेट संघ 'प्रोटीआज' म्हणजे राष्ट्रीय फुलाच्या नावाचा.

तिसरा मार्ग सर्वांत रंजक. तो म्हणजे राजघराण्याचा रंग. इटलीच्या झेंड्यात हिरवा, पांढरा आणि लाल रंग आहे, पण संघ मात्र 'अझ्झुरी', म्हणजे निळ्या कपड्यांतला. हा निळा रंग सव्हॉय या इटलीच्या जुन्या राजघराण्याचा. जानेवारी १९११ मध्ये हंगेरीविरुद्धच्या सामन्यात इटलीने तो पहिल्यांदा घातला. पुढे १९४६ मध्ये इटलीने राजेशाही मोडीत काढली, तरी जर्सी बदलली नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण याच तिसऱ्या गटातले. फरक इतकाच की इथे रंगामागे केवळ घराणे नाही, एक ठरावीक माणूस आहे. विलेम व्हान ओरान्ये, म्हणजेच विल्यम ऑफ ऑरेंज. डच लोक त्यांना राष्ट्रपिता मानतात.

ऑरेंज म्हणजे फळ की गाव?

इथे बहुतेकांची गल्लत होते. विल्यम यांच्या नावातल्या 'ऑरेंज'चा फळाशी मुळात काहीही संबंध नाही. ऑरेंज हे दक्षिण फ्रान्समधले एक छोटे शहर आहे. रोमन काळात त्याचे नाव होते अराऊसिओ. हे नाव केल्टिक लोकांच्या एका जलदेवतेवरून आले. तिथले रोमन रंगमंदिर आणि विजयकमान आजही उभी आहे आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मध्ययुगात या शहराभोवती एक चिमुकले स्वतंत्र संस्थान होते. त्याच्या प्रमुखाला 'प्रिन्स ऑफ ऑरेंज' म्हणत.

फळाच्या नावाचा प्रवास पूर्णपणे वेगळा, आणि तो आपल्याकडून सुरू होतो. संस्कृतातला 'नारंग' फारसीत गेला, तिथून अरबीत, अरबीतून स्पॅनिश भाषेत 'नारांखा' झाला आणि फ्रेंचमध्ये पोहोचेपर्यंत सुरुवातीचा 'न' गळून 'ऑरेंज' उरला. मराठीतला नारिंग आणि नारिंगी हे शब्द याच कुळातले. अराऊसिओचे नावही बदलत बदलत ऑरेंज झाले. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच ठिकाणी येऊन थांबले आणि गावाच्या संस्थानिकाला फळाचा रंग चिकटला. म्हणजे डच संघाच्या जर्सीचा रंग हा मुळात एका नामसाधर्म्याचा परिणाम आहे.

जर्मनीत जन्मलेला मुलगा फ्रान्समधल्या संस्थानाचा धनी कसा झाला?

विल्यम यांचा जन्म २४ एप्रिल १५३३ रोजी जर्मनीतल्या डिलनबर्ग किल्ल्यात झाला. वडील नासाऊ घराण्याचे सरदार, आई युलियाना. घरात प्रॉटेस्टंट पंथातले लुथरन वातावरण. भावंडे बरीच, उत्पन्न बेताचे. सारे असेच चालले असते, तर विल्यम हे जर्मनीतल्या शेकडो लहान सरदारांपैकी एक म्हणून विसरले गेले असते.

पण १५४४ मध्ये त्यांचे चुलतभाऊ रेने ऑफ शालों हे फ्रान्समधल्या सेंट-दिझिए इथल्या वेढ्यात जखमी होऊन मरण पावले. रेने हे ऑरेंजचे संस्थानिक होते. शिवाय नेदरलँड्समध्ये त्यांच्या प्रचंड जमिनी होत्या. त्यांना मूलबाळ नव्हते. मृत्युपत्रात त्यांनी सगळे ११ वर्षांच्या विल्यम यांच्या नावे केले होते.

तेव्हा नेदरलँड्स हा स्वतंत्र देश नव्हता. आजचे नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेम्बर्ग आणि उत्तर फ्रान्सचा काही भाग मिळून १७ प्रांत होते आणि त्यांचा मालक होता सम्राट पाचवा चार्ल्स. स्पेनही त्याच्याच ताब्यात. तो कट्टर कॅथलिक. त्याने वारसा मंजूर केला, पण एका अटीवर. मुलाने कॅथलिक म्हणून वाढायचे आणि शिक्षण नेदरलँड्समध्येच घ्यायचे. विल्यम यांना आईवडिलांपासून दूर ब्रेडा आणि ब्रसेल्स इथे पाठवण्यात आले. फ्रेंच ही त्यांची रोजच्या वापरातली भाषा झाली. डच अस्मितेचे प्रतीक ठरलेला हा माणूस जन्माने जर्मन, नावाने फ्रान्समधल्या गावाचा आणि दरबारी शिक्षणाने स्पॅनिश साम्राज्याचा होता.

सम्राटाचा लाडका बंडखोर का झाला?

सम्राटाचा विल्यम यांच्यावर जीव होता. २५ ऑक्टोबर १५५५ रोजी ब्रसेल्समध्ये चार्ल्सने राज्यत्याग केला. संधिवाताने त्रस्त झालेला सम्राट त्या समारंभात ज्या तरुणाच्या खांद्यावर हात टेकून उभा राहिला, तो २२ वर्षांचा तरुण म्हणजे विल्यम. त्याच दिवशी नेदरलँड्सची सूत्रे चार्ल्सचा मुलगा फिलिप याच्याकडे गेली. तोच पुढे स्पेनचा राजा दुसरा फिलिप झाला आणि तोच पुढे विल्यम यांच्या मृत्यूला कारणीभूत ठरला.

फिलिप १५५९ मध्ये स्पेनला निघून गेला आणि नंतर कधीच परतला नाही. जाताना त्याने विल्यम यांना हॉलंड, झीलंड आणि उट्रेख्ट या प्रांतांचे 'स्टाडहाउडर' म्हणजे राजप्रतिनिधी नेमले. पण खरी सत्ता स्पेनच्या विश्वासातल्या मोजक्या लोकांकडे राहिली. स्थानिक सरदारांना विचारले जात नव्हते. करांचा बोजा वाढत होता. त्यातच प्रॉटेस्टंट पंथ झपाट्याने पसरत होता आणि पाखंडी ठरवलेल्यांना मृत्युदंड दिला जात होता.

विल्यम यांचा विरोध सुरुवातीला धर्मापेक्षा कारभाराला होता. पण १५६४ च्या अखेरीस त्यांनी राज्य परिषदेत एक भूमिका मांडली, जी त्या काळात धाडसाची होती. आपण स्वतः कॅथलिक असलो, तरी प्रजेच्या मनातल्या श्रद्धेवर राजाने हुकूम चालवावा हे आपल्याला मान्य नाही, असा तिचा आशय होता.

'मौनी' हे टोपणनाव कुठून आले?

संघाच्या टोपणनावामागच्या या माणसाला स्वतःलाही एक टोपणनाव होते. 'विलेम डे झ्वायगर', म्हणजे मौनी विल्यम.

त्यामागची प्रसिद्ध कथा १५५९ ची आहे. स्पेन आणि फ्रान्स यांच्यात तह झाला होता आणि तहाची हमी म्हणून विल्यम काही काळ फ्रान्सच्या दरबारात होते. एकदा शिकारीच्या वेळी फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागला. दोन्ही देशांतल्या प्रॉटेस्टंटांचा नायनाट करण्याबाबत आपले आणि फिलिपचे ठरले आहे, हे विल्यम यांना माहीत असणारच, असे त्याने गृहीत धरले. विल्यम यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पण त्यांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही आणि सगळे ऐकून घेतले. या प्रसंगाचा उल्लेख विल्यम यांनी पुढे आपल्या बचावपत्रातही केला.

गंमत म्हणजे प्रत्यक्षात विल्यम हे अबोल नव्हते. त्यांची मेजवान्यांची आवड आणि गप्पांची हातोटी प्रसिद्ध होती. 'मौनी' हे नाव मनातले कळू न देण्याच्या सवयीला होते. टोपणनाव नेहमी तंतोतंत वर्णन करतेच असे नाही, याचा हा चांगला पुरावा.

शिवीचे बिरुद कसे झाले?

या कथेत तिसरेही एक टोपणनाव आहे. एप्रिल १५६६ मध्ये शेकडो सरदार ब्रसेल्सला जमले. धर्मावरून होणाऱ्या शिक्षा थांबवाव्यात, असा अर्ज त्यांनी राजाची प्रतिनिधी मार्गारेट ऑफ पार्मा हिला दिला. इतके लोक पाहून ती घाबरली. तेव्हा तिच्या एका सल्लागाराने या भिकाऱ्यांना काय घाबरायचे, अशा अर्थाचा फ्रेंच शब्द वापरून तिला धीर दिल्याचे सांगतात.

सरदारांनी ती शिवी उचलली आणि बिरुदासारखी मिरवली. ते स्वतःला 'खोजन', म्हणजे भिकारी म्हणवू लागले. भिक्षापात्राची चिन्हे असलेली पदके गळ्यात घालू लागले. पुढे समुद्रावरून लढणाऱ्या बंडखोरांना 'समुद्री भिकारी' हेच नाव मिळाले. त्यांच्या जहाजांवर जो झेंडा फडकू लागला, त्याचे रंग विल्यम यांच्या घराण्याच्या गणवेशाचे होते : नारिंगी, पांढरा आणि निळा. त्याला 'प्रिन्सेनफ्लाख', म्हणजे राजपुत्राचा झेंडा म्हणत. नारिंगी रंग बंडाची ओळख झाला तो इथे.

बंडाची किंमत काय होती?

ऑगस्ट १५६६ मध्ये ठिकठिकाणी जमावाने कॅथलिक चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या. उत्तरादाखल फिलिपने ड्यूक ऑफ अल्बा या सेनापतीला सुमारे १० हजार सैनिकांसह पाठवले. ऑगस्ट १५६७ मध्ये अल्बा ब्रसेल्सला पोहोचला. त्याने विशेष न्यायालय स्थापन केले. एक हजाराहून अधिक लोकांना तिथून मृत्युदंड झाला आणि लोक त्याला 'रक्त न्यायालय' म्हणू लागले.

विल्यम त्याआधीच जर्मनीतल्या माहेरघरी, डिलनबर्गला निघून गेले होते. त्यांचे मित्र एग्मोंट आणि हॉर्न मात्र मागे राहिले. राजा आपल्याला हात लावणार नाही, असा त्यांना भरवसा होता. ५ जून १५६८ रोजी ब्रसेल्सच्या मुख्य चौकात दोघांचाही शिरच्छेद झाला.

विल्यम यांच्या जमिनी जप्त झाल्या. त्यांचा थोरला मुलगा फिलिप विल्यम लुव्हेन विद्यापीठात शिकत होता. फेब्रुवारी १५६८ मध्ये त्याला तिथून उचलून स्पेनला नेले. तेव्हा तो १३ वर्षांचा होता. बापलेकाची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

सैन्य उभारण्यासाठी विल्यम यांनी घरातली चांदीची भांडी आणि दागिने विकले. मे १५६८ मध्ये हायलिगरली इथे त्यांच्या भावांच्या तुकडीने लढाई जिंकली, पण त्यात भाऊ अडॉल्फ मारला गेला. ८० वर्षांच्या युद्धाची सुरुवात या लढाईपासून मानतात. त्यानंतरची विल्यम यांची स्वतःची मोहीम फसली. सैनिकांना द्यायला पैसे उरले नाहीत. १५७४ मध्ये मूकच्या लढाईत लुई आणि हेन्री हे आणखी दोन भाऊ एकाच दिवशी गेले. त्यांचे मृतदेहही सापडले नाहीत. चार भावांपैकी उरला एकच, योहान.

समुद्रालाच शस्त्र कसे बनवले?

१ एप्रिल १५७२ रोजी समुद्री भिकाऱ्यांनी ब्रील हे बंदर अनपेक्षितपणे जिंकले आणि पारडे फिरले. हॉलंड आणि झीलंडमधली एकेक शहरे विल्यम यांच्या बाजूने आली. मात्र या विजयाला काळी बाजूही आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये बंडखोरांच्या एका सरदाराने १९ कॅथलिक धर्मगुरूंना ब्रील इथे फासावर चढवले. धर्मगुरूंना हात लावू नये, असा विल्यम यांचा आदेश होता. तो पाळला गेला नाही. सहिष्णुतेसाठी लढणाऱ्या नेत्याला आपल्याच लोकांना आवरता आले नाही, ही त्यांच्या आयुष्यातली कायमची अडचण राहिली. ते स्वतः १५७३ मध्ये कॅल्व्हिन पंथात गेले.

खरी कसोटी लागली लायडेन शहरात. स्पॅनिश फौजेने १५७४ मध्ये शहराला वेढा घातला. अन्न संपले, साथ पसरली, हजारो लोक मेले. जमिनीवरून मदत पोहोचवणे शक्य नव्हते. तेव्हा विल्यम आणि त्यांच्या साथीदारांनी बांध फोडण्याचा निर्णय घेतला. या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. बांध फुटले की शेतात पाणी शिरणार आणि सपाट तळाच्या होड्या शहरापर्यंत जाऊ शकणार, असा साधा हिशेब. त्यासाठी स्वतःचीच पिके आणि गावे बुडवावी लागणार होती.

पाणी सोडले, पण पुरेसे चढेना. विल्यम त्या काळात तापाने अंथरुणाला खिळले होते आणि तिथूनच सूचना देत होते. अखेर वारा फिरला, समुद्र आत ढकलला गेला आणि ३ ऑक्टोबर १५७४ रोजी होड्या लायडेनला पोहोचल्या. स्पॅनिश सैनिक पळाले. उपाशी लोकांना हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटण्यात आला. लायडेनमध्ये आजही दर ३ ऑक्टोबरला हाच पदार्थ खाल्ला जातो. पुढच्याच वर्षी, १५७५ मध्ये, शहराला विद्यापीठ मिळाले. नेदरलँड्समधले ते सर्वांत जुने विद्यापीठ.

हत्या कशी झाली?

विल्यम यांचे ध्येय १७ ही प्रांत एकत्र ठेवण्याचे होते. १५७६ च्या गेंट करारात ते जवळजवळ साधलेही. पण कॅथलिक दक्षिण आणि प्रॉटेस्टंट उत्तर यांच्यातली दरी वाढत गेली. १५७९ मध्ये उत्तरेकडच्या प्रांतांनी उट्रेख्टला वेगळा संघ स्थापन केला. आजच्या नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेची बीजे या फुटीत आहेत.

१५८० मध्ये फिलिपने विल्यम यांना बहिष्कृत ठरवले. जिवंत किंवा मृत आणून देणाऱ्याला २५ हजार सोन्याची नाणी आणि उमरावपद जाहीर झाले. २६ जुलै १५८१ रोजी उत्तरेकडच्या प्रांतांनी फिलिपला राजा मानण्याचे नाकारले. प्रजा राजासाठी नसते, राजा प्रजेसाठी असतो, हा त्या ठरावाचा गाभा.

इनामाचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १८ मार्च १५८२ रोजी अँटवर्पमध्ये एका तरुणाने विल्यम यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. ते बचावले, पण त्यांची शुश्रूषा करणारी तिसरी पत्नी शार्लोट दमून आजारी पडली आणि मे महिन्यात वारली. १५८३ मध्ये त्यांनी लुईज दे कोलिनी हिच्याशी चौथा विवाह केला. तिचे वडील आणि पहिला नवरा १५७२ च्या पॅरिसमधल्या हत्याकांडात मारले गेले होते.

बाल्थाझार जेरार हा फिलिपचा कट्टर समर्थक खोट्या नावाने डेल्फ्टला आला. आपण छळाला कंटाळून पळालेला प्रॉटेस्टंट आहोत, अशी त्याने बतावणी केली. अंगावर धड कपडे नाहीत, असे सांगून त्याने मदत मागितली. विल्यम यांनी त्याला पैसे दिले. त्या पैशांतून त्याने पिस्तुले विकत घेतली.

१० जुलै १५८४ रोजी दुपारी जेवण आटोपून विल्यम जिन्याकडे निघाले असताना जेरारने गोळ्या झाडल्या. काही क्षणांत सगळे संपले. विल्यम ५१ वर्षांचे होते. डेल्फ्टच्या प्रिन्सेनहोफ वास्तूत भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आजही काचेआड जपलेल्या आहेत. जेरारला हाल करून ठार मारण्यात आले. त्याच्या कुटुंबाला फिलिपने जमिनी आणि उमरावपद दिले. नासाऊ घराण्याची दफनभूमी ब्रेडाला होती, पण ते शहर स्पॅनिश ताब्यात असल्याने विल्यम यांना डेल्फ्टच्या न्यूवे केर्कमध्ये पुरले. तेव्हापासून डच राजघराण्याचे दफन तिथेच होते.

मग झेंड्यातला नारिंगी गेला कुठे?

युद्ध विल्यम यांच्या मृत्यूनंतरही ६४ वर्षे चालले आणि १६४८ मध्ये स्पेनने डच प्रजासत्ताकाला मान्यता दिली. दरम्यान हा छोटा देश सागरी महासत्ता झाला होता. १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी आपल्या कोकणातही आली. वेंगुर्ल्यात तिच्या वखारीचे अवशेष आजही पाहायला मिळतात.

१७ व्या शतकात झेंड्यावरच्या नारिंगीची जागा हळूहळू लाल रंगाने घेतली. समुद्रावर लाल रंग अधिक उठून दिसतो आणि नारिंगी लवकर फिका पडतो, असे एक कारण सांगितले जाते. ऑरेंज घराण्याचे वर्चस्व नको असलेल्या गटाचे राजकारण हे दुसरे. १७८० च्या दशकात तर राजविरोधी गटाचा जोर असलेल्या ठिकाणी नारिंगी रंग वापरण्यावरच बंदी आली होती. १८१५ मध्ये याच घराण्याचे राज्य स्थापन झाले, पण झेंडा लालच राहिला. १९३७ मध्ये राजाज्ञेने लाल, पांढरा, निळा हे रंग कायम झाले. राजघराण्याच्या खास दिवशी मात्र झेंड्याच्या वर नारिंगी रंगाची एक लांब पट्टी लावतात.

आणखी एक बारकावा. १८१५ मध्ये राज्यावर आलेले घराणे पुरुषांच्या वंशावळीने विल्यम यांचे नाही, तर युद्धातून वाचलेल्या योहान या भावाचे आहे. खुद्द ऑरेंज शहर १७१३ च्या तहानंतर कायमचे फ्रान्सचे झाले. पदवी तेवढी उरली. राजे विलेम-अलेक्झांडर यांची मुलगी अमालिया ही आज 'प्रिन्सेस ऑफ ऑरेंज' आहे, एकाही चौरस फूट ऑरेंजविना.

नाव मात्र जगभर पसरले. दक्षिण आफ्रिकेतली ऑरेंज नदी या घराण्याच्या नावाची. न्यूयॉर्क शहराच्या झेंड्यातला नारिंगी तिथल्या जुन्या डच वसाहतीची आठवण. आयर्लंडच्या झेंड्यातला नारिंगी विल्यम यांच्या पणतूचा, म्हणजे इंग्लंडचा राजा झालेल्या तिसऱ्या विल्यमचा. गाजरे नारिंगी झाली तीही विल्यम यांच्या सन्मानार्थ, असे व्हॉट्सॲपवर फिरते. त्याला मात्र ठोस पुरावा नाही.

मैदानावर हा रंग कधी गाजला?

डच फुटबॉल संघाने पहिला अधिकृत सामना १९०५ मध्ये बेल्जियमविरुद्ध खेळला, तोही पांढऱ्या जर्सीत. राष्ट्रीय संघाने नारिंगी रंग नंतर स्वीकारला. जगाच्या नजरेत तो भरला १९७४ च्या विश्वचषकात. योहान क्रायफच्या त्या संघाला 'क्लॉकवर्क ऑरेंज' असेही म्हटले गेले. संघ अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून १-२ ने हरला, पण रंग लक्षात राहिला. १९८८ मध्ये संघाने युरो करंडक जिंकला. महिला संघ 'ओरान्ये लेउविनन', म्हणजे नारिंगी सिंहिणी. २०१७ मध्ये युरो जिंकताना त्यांच्या जर्सीवरच्या बोधचिन्हात सिंहाऐवजी सिंहीण होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हॉकीची पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदके याच रंगाने नेली.

महाराष्ट्रानेही हा रंग जवळून पाहिला आहे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध नेदरलँड्सचा सामना झाला तो नागपूरला, म्हणजे संत्रानगरीत. रायन टेन डोइशाटेने ११९ धावा केल्या, पण सामना इंग्लंडने जिंकला. २०२३ च्या विश्वचषकात धरमशाला इथे नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेला ३८ धावांनी धक्का दिला आणि नोव्हेंबरमध्ये हाच संघ पुण्याजवळ गहुंजे इथे इंग्लंडशी खेळला.

राष्ट्रगीतात विल्यम कसे?

'विल्हेल्मस' हे डच राष्ट्रगीत म्हणजे विल्यम यांनीच प्रथमपुरुषी सांगितलेली आपली कहाणी आहे. गीताचा कर्ता नक्की कोण, यावर एकमत नाही. बंडाच्या काळातले हे गीत १९३२ मध्ये अधिकृत राष्ट्रगीत झाले. त्याच्या १५ कडव्यांची पहिली अक्षरे जोडली की 'विलेम व्हान नासाऊ' हे नाव तयार होते.

पहिल्या कडव्यात विल्यम आपले जर्मन मूळ सांगतात आणि स्पेनच्या राजाचा आपण नेहमी मान राखला, असेही सांगतात. बंडाच्या गीतात शत्रूचा मान कशासाठी? कारण सुरुवातीच्या वर्षांत विल्यम यांची भूमिका हीच होती. आपला लढा अल्बाच्या जुलमाविरुद्ध आहे, राजाविरुद्ध नाही, असे ते मांडत. ती भूमिका १५८१ मध्ये मागे पडली. गीतात मात्र ती तशीच राहिली.

११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. विल्यम यांच्या स्मृतिदिनाचा दुसरा दिवस. समोर होता स्पेन. नारिंगी जर्सी घातलेल्या डच खेळाडूंनी सामन्यापूर्वी नेहमीप्रमाणे राष्ट्रगीत म्हटले, स्पेनच्या राजाच्या सन्मानाच्या ओळीसह. अतिरिक्त वेळेत इनिएस्टाच्या गोलमुळे स्पेन १-० ने जिंकला. चार वर्षांनी ब्राझीलमध्ये हे दोन संघ पुन्हा भिडले. तेव्हाही राष्ट्रगीत तेच होते, ओळही तीच होती. फक्त निकाल ओरान्येच्या बाजूने ५-१ असा लागला.